आडवी रेघ

१

भावाच्या वाटणीचं जेवून मी एम.ए. करत होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्याकडे ते रोजचंच होतं. आई दुपारी चंदूचं ताट वाढायची, वर दुसरं ताट झाकायची आणि पोटमाळ्याच्या शिडीखाली सरकवून ठेवायची. चंदू काही यायचा नाही. संध्याकाळी साडेसातला मी यायचे, पाय धुवायचे आणि ते ताट उघडून बसायचे. गार भात, गार कालवण. अन्न टाकवत नाही, म्हणून.

चंद्रप्रकाश माझा थोरला भाऊ. गिरणीत होता. ब्याऐंशीला संप झाला, सव्वा वर्ष त्याने घरात बसून काढलं, आणि त्र्याऐंशीच्या मेमध्ये सुरतेला काम बघतो म्हणून जो गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. सुरतेला जाऊन आलेल्या दोघांना विचारलं, त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. तीन वर्षं झाली.

घाटकोपरला भटवाडीत आमच्या दोन खोल्या. बाहेरची खोली, आत स्वयंपाक आणि मोरी, त्यावर पोटमाळा. चंदू माळ्यावर झोपायचा. तो गेल्यापासून वर फक्त त्याची वळकटी, कपडे आणि आईची ट्रंक.

माझा दिवस सांगायचा तर सकाळी साडेसहा ते दीड टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचे, मग बस पकडून कलिन्याला विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे तास, त्यात तर्कशास्त्र मुख्य. वय एकतीस. वर्गातली पोरं मला बाई म्हणायची. शेजारच्या शेवंतीकाकी विचारायच्या, "इतकं शिकून काय गं करणार तू?" लेक्चरर होईन, असं मी सांगायचे. खरं सांगायचं तर त्या वर्गात दोन तास हॅलो हॅलो ऐकू येत नसे, एवढ्यासाठीही मी जात होते.

त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत काढायला हवी, दहा दिवस राहावं लागेल. आईने तिथेच मान हलवली.

"घराक कुलूप लावूक जमाचा नाय," ती म्हणाली. मुंबईत चाळीस वर्षं काढली, पण आईचं मालवणी काही सुटलं नाही. "झील इलो आणि कुलूप बघून परत गेलो तर?"

"शेवंतीकाकी बसतील ना घरी."

"ती परकी. मी दिसलंय नाय तर तो फिरान जातलो."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मला त्यांचा, आईचा आणि चंदूचा, तिघांचाही राग आला.

२

पुढच्या रविवारी आई बाहेर चटईवर पडली होती आणि मी आत वही घेऊन बसले होते. सोमवारी सरावाची वही तर्कशास्त्राच्या अर्बन सरांना द्यायची होती. अप्रत्यक्ष सिद्धीची पाच उदाहरणं हवी होती, माझी चार झाली होती.

ही पद्धत सोपी असते. जे खोटं ठरवायचं ते आधी खरं धरायचं. पहिल्या ओळीत 'समजा' म्हणून लिहायचं आणि तिथून डाव्या बाजूला उभी रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत जे काही येईल ते त्या 'समजा'च्या जिवावर. आत कुठेतरी परस्परविरोध निघाला, की खाली आडवी रेघ मारून 'समजा' बंद करायचं आणि रेघेबाहेर लिहायचं की पहिली ओळ खोटी. सर पहिल्या तासाला एकच सांगायचे, उघडं टाकून उठायचं नाही.

मी वैतागलेली होते. पाचवं उदाहरण म्हणून मी लिहिलं:

१. समजा, चंद्रप्रकाश घरी आहे.
२. तो घरी असता तर आईला दिसला असता.
३. आईला तो दिसलेला नाही.
४. म्हणून तो घरी नाही.
५. तो घरी आहे आणि तो घरी नाही.

आता फक्त आडवी रेघ मारायची होती. तेवढ्यात बाहेरून शेवंतीकाकी ओरडल्या, "रत्ना, पाणी आलं गं." आमच्याकडे पाणी चार ते पावणेपाच. मी वही मिटली, कळशी घेतली आणि पळाले. तीन कळश्या आणि एक पिंप भरून होईपर्यंत कंबर गेली होती. वही मी तशीच पिशवीत टाकली. सोमवारी ती सरांच्या टेबलावर गेली.

३

त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा शिडीखाली ताट नव्हतं. ते घासून फळीवर पालथं घातलेलं होतं.

"चंदू जेवलो," आई म्हणाली. ती कांदा चिरत होती. मी जेवायची आहे म्हणून माझ्यासाठी वेगळं काहीतरी करायला बसली होती.

मी पिशवी खाली ठेवली. "कधी आला?"

"दुपारी. मी शेवंतीकडे गेल्लंय, इलंय तर ताट घासून पालथा."

"तू बघितलंस त्याला?"

"वर गेलो आसतलो. लाजता. तीन वर्सांनी इलो तो."

मी वर बघितलं. माळ्याच्या फळ्या, त्यांमधल्या फटी, नेहमीचा काळोख. मी शिडीवर चार पायऱ्या चढून हाक मारली. वळकटी होती तिथेच होती. कोणी नव्हतं.

मला काय वाटलं, ते सांगते. मांजर. पण मांजर ताट घासत नाही. मग आई. आईने खाल्लं, आईनेच घासलं, आणि आता तिचं डोकं तिला काहीतरी वेगळं सांगतंय. गाठीचं दुखणं, त्यात तीन वर्षांची वाट पाहणं, माणसाचं होतं असं. हे मला पटलं. फक्त एका गोष्टीवर मी अडकले. त्या दिवशी बांगड्याचं कालवण होतं. मी केराचा डबा बघितला, मोरीतली जाळी बघितली. काटे कुठेच नव्हते. एकही नाही.

आई बांगड्याचे काटे खात नाही. चंदूही खात नसे.

४

त्या आठवड्यात रोज ताट रिकामं झालं. मी दिवसभर बाहेर, त्यामुळे माझ्यासमोर काही घडत नव्हतं. मी फक्त मागून पोचायचे. टॉवेल ओला असायचा. मोरीत तांब्या नेहमीच्या जागी नसून कोपऱ्यात भिंतीला चिकटून असायचा, तांब्या कसा ठेवतात ते कधी न बघितलेल्याने ठेवल्यासारखा. शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी बाहेरच्या खोलीत पडले असताना आत माळ्याच्या फळ्या वाजल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. चंदू चालताना खाली वाकून चालायचा, माळा चार फुटांचा आहे. हे चालणं वाकून चालल्यासारखं नव्हतं. पावलं सरळ, जड, ठरावीक. चार फुटांत उभं राहून कोण चालतं?

उंदीर असतील, मी म्हटलं. मोठे असतात आमच्याकडे.

आणि आई. आईचं काय सांगू. ती दोन्ही वेळा जेवत होती. केस विंचरून बसत होती. काम करताना तोंडाने काहीतरी गुणगुणत होती, ते मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. रविवारी मी भाजी निवडत असताना ती आपणहून म्हणाली, "डॉक्टराक सांग, मी येतंय."

"ऑपरेशनला?"

"मगे काय. आता चंदू हा ना घरात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला घाबरायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी एवढी दमले होते, की मला नुसतं बरं वाटलं.

५

सोमवारी तास संपल्यावर अर्बन सरांनी मला थांबवलं. सर कलिन्याच्याच जुन्या गावठाणातले, ख्रिस्ती, घरी मराठीच बोलणारे. पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. त्यांनी माझी वही उघडली.

"हे काय आहे?"

"सराव, सर."

"सरावाला भाऊ कशाला घेतलास? गोविंदा घ्यावा, गोपाळ घ्यावा. घरातली माणसं घेऊ नयेत." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "आणि बंद का नाही केलंस?"

"पाणी आलं होतं."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"पस्तीस वर्षं शिकवतोय मी. पोरं उत्तरं चुकवतात, त्याचं काही नाही. पण पाचव्या ओळीत तू 'आहे' आणि 'नाही', दोन्ही आत घेतलंस. ते दोन्ही आत आल्यावर त्या रेघेच्या आत काय काय येऊ शकतं?"

"काहीही, सर. परस्परविरोधातून कुठलंही विधान सिद्ध होतं."

"विधान," सर म्हणाले आणि त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "घरी सगळं ठीक आहे?"

मी सांगितलं, आईचं ऑपरेशन आहे, गुरुवारी ॲडमिट करायचंय.

"मग आत्ता बंद कर. माझ्यासमोर कर." त्यांनी खिशातलं लाल पेन काढून पुढे केलं. "आणि जे सिद्ध झालं तेवढंच लिही. जास्त नाही."

मी पेन घेतलं. एक रेघ, चार बोटांची. माझा हात पानापर्यंत गेला आणि मला आईचे विंचरलेले केस आठवले. मी पेन परत केलं, वही पिशवीत टाकली. म्हटलं, "घरी नीट करते, सर. बस चुकेल माझी."

आता कोणी म्हणेल, तर्कशास्त्र शिकलेली बाई आणि असल्या गोष्टींवर विश्वास? विश्वास नव्हताच. पण गुरुवार जवळ होता. विश्वास नसला तरी अशा वेळी माणूस कशाला हात लावत नाही, काम होईपर्यंत. काम झालं की बंद करीन, असं मी ठरवलं. सर माझ्या मागे दारापर्यंत आले.

६

ऑपरेशन शुक्रवारी झालं. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून मी दोन दिवस राहिले. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले, पाच मिनिटं, मग तोंड धुऊन आले.

शनिवारी सकाळी आई नीट शुद्धीवर आली. पहिलं वाक्य काय, तर "चंदवाक ताट वाढलंस?"

"हो," मी म्हटलं.

"आणि माझा दुसरा लुगडा हाड. ट्रंकेत हा."

म्हणून मी दुपारी बाराला घरी गेले. गुरुवारी निघताना आईने कुलूप लावू नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी लावलं होतं. कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्याकडे एकटीकडेच. मी दार उघडलं. बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. दोन दिवस बंद असलेल्या घराला एक वास येतो, तो नव्हता. शिडीखाली ताट होतं, उपडं नव्हे, उघडं, रिकामं, आणि त्याचं तोंड खोलीकडे केलेलं. थाळीला तोंड नसतं, मला माहीत आहे. पण ते वाढा म्हणून पुढे सरकवलेलं होतं.

ट्रंक माळ्यावर. चढल्याशिवाय इलाज नव्हता. मी पदर खोचला आणि चढले, एक, दोन, तीन. चौथ्या पायरीवर माझे डोळे फळ्यांच्या वर आले.

ट्रंकेपलीकडे कोणीतरी बसलं होतं. कौलातल्या काचेतून थोडा उजेड येत होता, तेवढ्यात चंदूचा निळ्या चौकटीचा शर्ट ओळखू आला. मान खाली, केस पुढे. माझ्याकडे पाठ होती. चंदू आलाय, असं मला एक क्षण खरोखर वाटलं, आणि छातीत इतका आनंद दाटला की मी हाक मारायला तोंड उघडलं.

मग मला बटणं दिसली. वरपासून खालपर्यंत, नीट लावलेली, पाठीवर.

शर्ट उलटा घातलाय, माझ्या डोक्यात आलं. दुसरी एक शक्यता होती. ती मी मांडली नाही. आजही मांडत नाही. मी पाय खाली सोडला, पायरी सापडली, दुसरी सापडली. वर शर्ट हलला नाही. फक्त केस हळूच जरा वर झाले, कोणी मान उचलून माझ्याकडे बघावं तसे.

७

लुगडं न घेता मी गॅलरीत येऊन बसले. समोरच्या चाळीत कोणी पापड वाळत घालत होतं. बाजूच्या दारात शेवंतीकाकी तांदूळ निवडत होत्या.

"कोण गं पाहुणा आलाय तुमच्याकडे?" त्या म्हणाल्या. "दोन दिवस दुपारचा चालतो वर. आई हॉस्पिटलात आणि तुम्ही पाहुणे कसले ठेवता?"

मी पिशवीतून वही काढली. गुडघ्यावर वही दाबून धरली. पाचव्या ओळीखाली मी आडवी रेघ मारली आणि रेघेबाहेर लिहिलं: म्हणून चंद्रप्रकाश घरी नाही.

लिहिताना मला कळलं मी काय लिहितेय ते. तीन वर्षं मी आईला हेच सांगत होते, पण स्वतःला एकदाही सांगितलं नव्हतं. माझा भाऊ येणार नव्हता. पानावर माझ्याच अक्षरात, मुद्देसूद, चूक काढायला जागा नाही. मला तिथे गॅलरीत रडू फुटलं आणि काकींनी सूप बाजूला ठेवून मला जवळ घेतलं. त्यांना वाटलं आईचं काही बरंवाईट झालं.

आत शांत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. संपलं, मी म्हटलं.

मग फळ्या वाजल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ, जड, ठरावीक.

मी पुन्हा वहीकडे बघितलं. सरांनी सांगितलं होतं, जे सिद्ध झालं तेवढंच. चंदू घरी नाही, हे मी सिद्ध केलं होतं. घरात कोणीच नाही, असं त्या पानावर कुठेही नव्हतं.

८

आठ दिवस मी घरी गेले नाही. हॉस्पिटलातूनच एक्स्चेंजला जायचे, हॉस्पिटलातच परत यायचे. आईला दुसरं लुगडं शेवंतीकाकींचं आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत छान आहे, घेऊन जा. आईला इतकं हसताना डॉक्टरांनी पहिल्यांदाच बघितलं.

टॅक्सीत मी तिला सांगितलं. आडपडदा न ठेवता. "आई, घरी आपण नको जाऊया. मावशीकडे विरारला जाऊ. आपल्या घरात कोणीतरी आहे. तो चंदू नाही."

आई बाहेर बघत होती. टाके ओढत होते म्हणून एक हात पोटावर.

"माका ठाऊक हा," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"चंदू नाय ता. पयल्या दिवसापासून ठाऊक हा. आवस मी त्येची. माका कळाचा नाय?"

टॅक्सी उड्डाणपुलावरून पश्चिमेला उतरली. मी विचारलं, "मग रोज ताट कशाला वाढत होतीस?"

"तीन वर्सां वाढलंय गो चेडवा. कोणच नाय इलो." तिने डोळे मिटून घेतले. "ह्यो तरी इलो. कोणाचो तरी असतलोच ना."

दार मी उघडलं. आईला हाताला धरून आत नेलं, चटईवर बसवलं, उशी दिली. तिला धाप लागली होती. "आधी भात लाव," ती म्हणाली. मी स्टोव्ह पेटवला. हात आपोआप चालत होते. पळून जायचं तर हिला उचलून कशी पळणार होते, आणि कुठे? दोन जिने चढून ती पांढरी पडली होती, आणि तरी तिचा चेहरा घरी आल्याचा होता. तो चेहरा मला परत कधीच बघायला मिळाला नसता, हेही मला माहीत होतं.

वर कोणी चालत नव्हतं. ऐकत होतं, म्हणा.

भात झाला. आईने बाहेरून सांगितलं, "तीन ताटां घे." मी तीन घेतली. तिसरं वाढलं, वर आमटी घातली, आणि शिडीखाली नेऊन ठेवलं. मान वर केली नाही. जमिनीकडे बघतच मागे वळले.

"ताई," माळ्यावरून हाक आली.

आवाज कोवळा होता, घाबरलेला, जेमतेम बोलायला शिकल्यासारखा. चंदू थोरला. त्याने मला जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. बाहेर आई श्वास रोखून माझ्याकडे बघत होती, हात जोडल्यासारखे छातीशी धरून.

मी ओ दिली.